निंबाआप्पांचं विरळ शेत

निंबाआप्पा भात खात नसत. हे सगळ्यात आधी सांगून टाकलेलं बरं. ज्या माणसानं उभी नोकरी भाताच्या चिखलात काढली त्याच्या डब्यात भाताचं एक शीत नसायचं, हे ऐकलं की लोकांना आमच्या केंद्राबद्दलच शंका यायची. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि हंगाम असेल तर वांग्याचं भरीत. आमचे गुजराती सहकारी दुपारी दाळ-भाताचे डोंगर उपसत बसायचे आणि आप्पा त्यांच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघायचे. "भात हा बघायचा पदार्थ आहे, सुनंदाताई," ते मला म्हणायचे. "खायला बाजरी आहे ना देवानं दिलेली." खिचडीला मात्र त्यांची हरकत नव्हती. तिच्यात भात डाळीच्या धाकात असतो, असं त्यांचं म्हणणं.

मी त्या केंद्रात टायपिस्ट होते. सुरतेच्या बाहेर, कडोदऱ्याच्या रस्त्याला लागून भात संशोधनाचं ते सरकारी केंद्र होतं. माझे यजमान उधन्याला लूममध्ये मेकॅनिक, त्यामुळे रोज उधन्याहून बस धरून मी कामावर जायची. नव्वदीची वर्षं होती ती. संकरित भात हा शब्द तेव्हा इतका नवा होता की पहिल्यांदा टाइप करताना मी 'संकटित' असं टाइप केलं होतं, आणि साहेबांनी त्यावर सही पण केली होती.

आप्पा तिथे कृषी सहायक होते. धुळ्याकडच्या कोरडवाहू गावातला माणूस. गावात भात पिकायचा नाही, तो फक्त सणाला आणि तापात ताटात यायचा. असा माणूस भाताच्या खात्यात कसा आला, याला सरकार या एका शब्दापलीकडे उत्तर नाही. पण आला तो रमला. उंच, काटकुळे, शर्टाच्या कॉलरमध्ये मागच्या बाजूला खोचलेली लोखंडी फूटपट्टी. खाली वाकले की ती पट्टी मानेमागून वर यायची, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं की चिखलात बगळा उभा आहे.

त्यांचं काम म्हणजे संकरित भाताचं बालपण. बी रुजल्यापासून रोपाला फुटवे येईपर्यंत, म्हणजे एका बुंध्यातून बाजूच्या काड्या निघेपर्यंत, रोप आप्पांच्या ताब्यात. त्यानंतर ते दुसऱ्या विभागाकडे जायचं. लोंबी, दाणा, उतारा यांच्याशी आप्पांना कर्तव्य नव्हतं. "पुढचं पुढचे बघतील," असं म्हणून ते पाठ फिरवायचे. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "शीत बघायला भात शिजेपर्यंत थांबावं लागतं," ते म्हणायचे. "तोवर चुकलं असेल तर काय करणार, आमटी ओतणार? रोप बघा. रोपाला खोटं बोलता येत नाही."

हे संकरित वाण मुळात थंड मुलखातून आलेलं. आमच्याकडच्या उकाड्यात ते सुरुवातीला भलतंच तरारायचं आणि मग एकाएकी मान टाकायचं. म्हणून आपल्या हवेत टिकतील असे नवे संकर तयार होत होते, आणि त्यांचे पहिले दिवस कसे जातात ते आप्पा बघत होते. "थंड हवेतला जावई आहे," ते समजावून सांगायचे. "पहिल्या दिवशी भारी उत्साह दाखवतो. आपला उन्हाळा सोसून आठव्या दिवशी जेवतो का, ते बघायचं."

आता केंद्रातली रोपं त्यांना पुरत नसत. डिंडोलीला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, वर उघडा स्लॅब. एका उन्हाळ्यात त्यांनी त्या स्लॅबवर पत्र्याचे उथळ ट्रे मांडले, त्यांत माती भरली आणि अर्ध्या ट्रेंमध्ये संकरित, अर्ध्या ट्रेंमध्ये साधं गावठी बी पेरलं. तापलेल्या स्लॅबवर कोण आधी डोकं वर काढतं ते त्यांना बघायचं होतं. घरात हे कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या पत्नी माई वर गेल्या, तर त्यांना मातीनं भरलेल्या पसरट ट्रेंची छान सपाट रांग दिसली. उन्हाळा म्हणजे खानदेशी घरात बिबड्यांचे दिवस. ज्वारीच्या पिठाच्या त्या पापडांना वाळायला सपाट जागा लागते आणि डिंडोलीच्या घरात सपाट जागा एवढीच. माईंनी ट्रेंवर जुनं लुगडं अंथरलं, त्यावर बिबड्या घातल्या आणि त्या खाली आल्या. मध्येच दोन दिवस आभाळ भरून आलं, बिबड्या वाळेनात, म्हणून लुगडं तसंच राहिलं. वरून बिबड्यांची ओल खाली झिरपत होती ती निराळीच.

मग एका सकाळी माई बिबड्या उलटायला गेल्या आणि ओरडतच खाली आल्या. लुगडं एका बाजूनं वर उचललं गेलं होतं. आप्पा धावत गेले. लुगड्याखाली संकरित रोपांनी फौजेसारखी डोकी वर काढली होती आणि बिबड्यांसकट लुगडं खांद्यावर घेतलं होतं. गावठीच्या बाजूला लुगडं अजून मातीला टेकलेलं. आप्पांनी कॉलरमधली पट्टी काढली, लुगडं किती उचललं गेलंय ते मोजलं आणि गच्चीवरच टाळ्या वाजवायला लागले.

"मन्या बिबड्या वाकड्या व्हयन्यात, आन तुम्हले नाचानं सुची राह्यनं!" माईंचा आवाज खालच्या गल्लीत ऐकू गेला.

त्या वर्षी त्यांच्याकडे बिबड्या तळल्या की घुमटासारख्या फुगीर निघायच्या. आप्पा पाहुण्यांना एक-एक हातात घेऊन दाखवायचे. केंद्राच्या अहवालात 'लुगडं उचलण्याची क्षमता' असा रकाना घालावा असं त्यांनी मला खरोखर सुचवलं होतं. मी घातला नाही. आज वाटतं, घातला असता तर अहवाल कुणीतरी वाचला तरी असता.

रोपांची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की माणसंही ते त्याच नजरेनं बघायचे. माझ्या नणंदेला, शोभाला, बघायला एक मुलगा आला. सासरे हयात नव्हते, म्हणून मोठं माणूस म्हणून आप्पांना बोलावलं. मुलगा चोपड्याकडचा, पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला. मुलाचे मामा त्याच्या पगाराचं, ओव्हरटाइमचं वर्णन करत होते. आप्पांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मुलाला विचारलं, "गावाहून सुरतेत आलात, तेव्हा पहिले आठ दिवस कसे गेले?"

मामांनी मुलाला कोपरानं ढोसलं. पण मुलगा भाबडा. तो म्हणाला, "खरं सांगू? रोज रडायचो. भाकरी गळ्याखाली उतरायची नाही."

मामांचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, झालं, हे स्थळ गेलं. आणि आप्पांनी मांडीवर थाप मारली. "पसंत!"

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी त्यांना चांगलंच धारेवर धरलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "वहिनी, लावणी झाली की रोप आठवडाभर पिवळं पडतं. रुसतं. लोकांना वाटतं मेलं. पण ते खाली नवीन मुळं काढत असतं, म्हणून वर जीव नसतो. जे रोप दुसऱ्या दिवशीही हिरवंगार दिसतं, त्याच्यावर माझा विश्वास नाही." लग्न झालं. शोभाचा नवरा आजही सिनेमात कुणी मेलं की रुमाल काढतो, आणि संसार असा केलाय की नाव ठेवायला जागा नाही.

आता ज्या हंगामासाठी मी हे लिहायला बसले, त्याच्याकडे येते.

त्या वर्षी आमचे मोठे साहेब म्हणाले की केंद्राच्या कुंपणात रोपांचे लाड पुष्कळ झाले. एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात हा संकरित भात उभा करून दाखवा. सुरुवातीची वाढ पटण्यासारखी दिसली तर काम चालू, नाहीतर इथला संकरित भाताचा प्रयोग बंद. आणि प्रयोग बंद झाला तर आप्पांची बदली डांगच्या डोंगरात, आमच्या उपकेंद्रावर. त्यांच्या धाकट्या मुलाची शाळा डिंडोलीत, म्हणजे माई इथेच राहणार आणि आप्पा तिकडे एकटे. साहेब दुष्ट नव्हते. वरून जे आलं होतं तेच त्यांनी खाली सांगितलं. आप्पा हसून "बरं" म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेत मिळालं मगनभाईंचं, केंद्रापासून जवळ, रस्त्याला लागून. मगनभाई उसाचे शेतकरी. एक तुकडा त्यांनी आप्पांच्या भिडेखातर भाताला दिला, तोही तोंड वाकडं करून. लावणीला सिंधूबाईंची टोळी आली. सिंधूबाई नवापूरकडच्या, तिकडे भात होतो, त्यामुळे लावणी त्यांच्या हातातली. नवरा बमरोलीच्या मिलमध्ये, आणि पावसाळा लागला की त्या चाळीतल्या दहा-बारा बायका घेऊन आसपासच्या शेतांवर लावणीला जायच्या. तोंडानं फटकळ, हातानं विजेसारख्या.

अडचण अशी की साध्या भाताची लावणी करताना एकेका ठिकाणी चार-पाच रोपांचा झुबका खोचतात. त्याला चूड म्हणतात. संकरित भाताचं बी महाग, आणि रोप अंगानं जोरदार, म्हणून एका चुडात एकच रोप लावायचं, तेही लांब लांब. हे ऐकून सिंधूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"आप्पा, एकलं रोप लावतस का कोणी? एकलं रोप रातले रडस."

"रडू द्या. रडून झालं की फुटवे काढील."

"मंग घरमाबी एकेकच पोर ठेवो का?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या टोळीला हसू फुटलं. आप्पाही हसले. पण शेवटच्या ओळीपर्यंत ते त्यांच्या मागे मागे चिखलात फिरले आणि एकेकच रोप लावून घेतलं.

लावणी झाली आणि शेत जसं दिसणार होतं तसंच दिसायला लागलं. म्हणजे दिसेनासं झालं. नुसतं पाणी, आणि त्यात लांब लांब उभी एकेक पिवळी काडी. शेजारची शेतं दाट हिरवी. रस्त्यावरून जाणारे लोक सायकल थांबवून बघायचे. मगनभाई एक दिवस तणतणत केंद्रात आले. "आप्पाभाई, आ तो टालियुं खेतर छे! लोको हसे छे!" त्यांचं शेत टकलं झालं होतं आणि गाव हसत होतं. आठवडाभरात रंग बदलला नाही तर नांगर फिरवून ऊस लावतो, असं बजावून ते गेले. त्यातच साहेबांनी पाहणीचा दिवस ठरवला. आधीच उल्हास, त्यात आप्पांना ताप आला. रोज पावसात बांधावर उभं राहून दुसरं काय होणार? पाहणीच्या दिवसापर्यंत त्यांना शेताकडे जाता आलं नाही. मी संध्याकाळी डिंडोलीला बघायला गेले तर पांघरुणातून मान काढून त्यांनी विचारलं, "हिरवं झालं का?" मला शेतातलं काय कळतंय! बसमधून दिसलं तेवढं सांगितलं, की थोडं झालंय वाटतं. ते तेवढ्यावर झोपले.

पाहणीच्या दिवशी आप्पा तापातून उठून थेट जीपमध्ये बसले. साहेब बोलतील ते लिहून घ्यायला मीही त्या दिवशी बसऐवजी जीपमध्येच होते. जीप वळण घेऊन मगनभाईंच्या शेतासमोर थांबली आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. शेत भरगच्च हिरवं. कुठे बोट घालायला जागा नाही. बांधावर मगनभाई धुतलेली टोपी घालून उभे. त्यांच्यामागे पलीकडच्या शेतातली लावणी सोडून आलेली सिंधूबाईंची टोळी, पदर सावरून, फोटोला उभी राहावी तशी.

साहेब हरखले. "वाह, निंबाजी! इतनी बढ़त? एक रोप से?" त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला. मला म्हणाले, "लिखिए, प्रारंभिक वृद्धि उत्तम." मी लिहिलं. मगनभाई म्हणाले, "हवे बोलो!" म्हणजे आता बोला, जणू लोकांना रोज ते स्वतःच गप्प करत होते.

पायातल्या चपला काढून आप्पा चिखलात उतरले. एका चुडाचा बुंधा दोन बोटांत धरून त्यांनी दाबला. शेजारचा दाबला. मग त्याच्या पुढचा. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांची नजर पहिली सिंधूबाईंकडे गेली. सिंधूबाई आता शाबासकी मिळणार म्हणून गालातल्या गालात हसत होत्या.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी शेजारच्या, मागे राहिलेल्या एका शेतात टोळीनं साध्या भाताची लावणी संपवली आणि रोपांच्या जुड्या उरल्या. सिंधूबाईंच्या मुलखाची रीत अशी की उरलेलं रोप फेकायचं नाही. ताटातलं अन्न टाकण्यासारखंच ते पाप. रोप शेतातच लावून संपवायचं. आणि समोर आप्पांचं शेत, सगळी जागा मोकळी. आप्पा आजारी, साहेब येणार, गाव हसतंय. बायकांनी विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. संकरित रोपांच्या मधल्या सगळ्या मोकळ्या जागांत त्यांनी गावठी भात खोचून दिला. एवढंच काय, एकेकट्या उभ्या रोपांनाही सोबत म्हणून दोन-दोन गावठी रोपं जोडून दिली.

हे मला नंतर कळलं. आप्पांना मात्र त्या दोन बोटांत कळलं होतं. ते बांधावर आले. पायांना चिखल, अंगात कणकण. गप्प राहिले असते तर काम चालू राहिलं असतं, बदली टळली असती, मगनभाई खूश, साहेब खूश, बायका खूश. माझ्या हातातल्या कागदावर 'उत्तम' लिहिलेलं होतंच. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले की या माणसाला दोन मिनिटं मुकं कर.

"साहेब, हे माझं नाही," आप्पा म्हणाले. "यात निम्म्याहून जास्त गावठी भात आहे."

साहेबांना आधी समजलं नाही. आप्पांनी एक संकरित आणि एक गावठी रोप उपटून त्यांच्या तळहातावर ठेवलं. संकरिताचा बुंधा जाड, जरासा चपटा आणि कडेला फुटव्याची शेंडी निघालेली. गावठी बारीक, गोल. साहेब बराच वेळ ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "निंबाजी, आप न बताते तो मुझे पता नहीं चलता."

"म्हणूनच सांगितलं," आप्पा म्हणाले. "फोटो छापून आला की लोक असंच दाट लावतील. बी महाग आहे, साहेब. आणि दाट लावलेलं संकरित आपल्या उकाड्यात कुजतं."

साहेबांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मला म्हणाले, "वह काट दीजिए." मी 'उत्तम'वर रेघ मारली. इतकी जड रेघ मी आयुष्यात मारलेली नाही. अहवालात पुढे 'भूखंड बाद' एवढेच दोन शब्द आले.

जीप गेली आणि सिंधूबाईंचा बांध फुटला. "तुम्हनं वावर देखीसन आम्हले दया उनी! आम्ही तुम्हनी लाज राखी, आन तुम्ही सायेबना पुढे आम्हले उघडं पाडी दिनं!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. टोळीतली एकही बाई आप्पांकडे बघेना. मगनभाई टोपी काढून हातात धरून बसले.

आप्पा पुन्हा चिखलात उतरले आणि गावठी रोपं एकेक करून उपटायला लागले. तापात बोटांना नेम नव्हता. चार चुडांत एकदा संकरितच उपटलं जायचं आणि ते पुन्हा खोचायचे. ते बघून टोळीतली एक हसली. मग दुसरी. सिंधूबाईंनी डोळे पुसले, लुगडं खोचलं आणि खेकसल्या, "सरका तिकडे! तुम्हनाघाई व्हवाव नही ते." आप्पांच्यानं ते होणारही नव्हतं.

आप्पांनी त्यांना बुंधा दाबायला शिकवलं. वांगं घेताना दाबून बघतात ना, तेवढंच, त्याहून जोर नको. दिवस मावळायच्या आत बायकांची बोटं इतकी तयार झाली की त्या न बघता, गप्पा मारत गावठी वेगळं करत होत्या. आणि शेवटी बांधावर उपटलेल्या रोपांचा ढीग झाला, तेव्हा सिंधूबाई ढिगापुढे उभ्या राहिल्या. फेकायचं नाही म्हणजे नाही. आप्पांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून तो ढीग डिंडोलीला गेला आणि आप्पांच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटात, जिथे पावसाचं पाणी साचायचं, तिथे बायकांनी तो लावून दिला. महिनाभरानं भरवाड गवळ्याच्या म्हशींनी तो मनसोक्त खाल्ला. माईंना दूध मात्र विकतच घ्यावं लागलं.

पण बदलीचा हुकूम निघाला. साहेबांनी वर शब्द टाकला होता, खरंच टाकला होता, ते पत्र मीच टाइप केलं. वरच्यांना 'भूखंड बाद' एवढंच दिसलं. आप्पांना डांगात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, विभागात पाठवलं. मला रडू आलं. ते माझीच समजूत घालत म्हणाले, "चला, नागलीची भाकरी तर मिळेल. भाताची नजर चुकवून जेवायला नको." निघेपर्यंतचे दिवस ते रोज संध्याकाळी मगनभाईंच्या शेतावर जात राहिले. बाद झालेल्या भूखंडाची पाहणी करायचा हुकूम त्यांना कुणीच दिलेला नव्हता.

ते निघाले त्या सकाळी आम्ही एकाच बसमध्ये होतो. ती बस केंद्रावरून पुढे जायची, म्हणून मी कामावर आणि ते डांगाकडे. माई स्टँडवर सोडायला आल्या होत्या. बस हलली तरी त्यांनी खिडकीची कड सोडली नव्हती. आप्पा माझ्या शेजारी बसले होते. ट्रंक पायाशी, पिशवी मांडीवर, नजर समोरच्या सीटच्या पाठीवर. मला त्यांचा राग येत होता, साहेबांचा येत होता, सगळ्यांचाच येत होता.

मगनभाईंच्या शेताचं वळण आलं. टोळीनं मोकळं केलेलं ते शेत मी रोजच बसमधून बघत होते, पण रोज बघताना काही कळत नाही. त्या दिवशी मी त्यांच्या नजरेनं पाहिलं. लांब लांब उभ्या असलेल्या एकेका रोपाचं आता भलं थोरलं बेट झालं होतं, शेजारच्या बेटाला हात लावत होतं, आणि मधलं पाणी दिसेनासं झालं होतं. शेजारची दाट शेतं त्यापुढे पोरकी वाटत होती. बांधावर मगनभाई उभे होते. बरोबर गावातले तीन-चार शेतकरी. मगनभाई खाली वाकून एक बुंधा दोन बोटांत धरून दाबत होते आणि दुसऱ्याला म्हणत असावेत, दाबून बघ.

आप्पा ताडकन उभे राहिले. डोकं वरच्या दांडीला आपटलं, मांडीवरची पिशवी खाली गेली. कंडक्टर ओरडला, "बेसी जाओ, काका!" आप्पांनी ऐकलं नाही. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि बसमधल्या झोपलेल्या, जागलेल्या सगळ्या माणसांना मोठ्यानं सांगितलं, "बघा, बघा! ते शेत माझं आहे!"

त्यातली एक वीतभर जमीनही त्यांची नव्हती. लोकांनी माना वळवून पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "सरस छे, भाई." माझा थांबा आला तेव्हा आप्पा अजून उभेच होते, मागच्या काचेतून बघत. मी उतरतेय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मी हाक मारली नाही.